पन्हळ नसलेली पोई

चैत्र सरत आला होता. हुलसूरच्या अलीकडे, जिथे भालकीची सडक सोडून एक वाट गावात शिरते, त्या फाट्यावरच्या पाणपोईचे माठ भरायला सुमनबाई रोजच्यासारख्या निघाल्या होत्या. सकाळची वंदना झाली होती. अंगावर धुतलेले पांढरे लुगडे होते. हातगाड्यावर पाण्याच्या घागरी होत्या आणि मागून गाडा ढकलायला सून दीपमाला होती. यात भय वाटावे असे काहीच नव्हते. भय बहुधा अशा नेमाच्या कामातच येऊन उभे राहते; म्हणून आधी त्या कामाविषयी सांगितले पाहिजे.

फाट्यावर करंजाचे झाड आहे. झाडाखाली बसथांब्याची पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये सिमेंटचा लांब बाक. बाकाच्या एका टोकाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले सुमनबाईंचे माठ. सडकेपलीकडे तिप्पण्णाचे चहाचे हॉटेल. माठांच्या वर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेली पाटी: 'कालकथित नरसिंग यांच्या स्मरणार्थ. पाणी सर्वांसाठी.' नरसिंग हे सुमनबाईंचे दिवंगत पती. 'सर्वांसाठी' हा शब्द सुमनबाईंनी रंगाऱ्याकडून मुद्दाम मोठा करून घेतला होता.

या पोईचा नियम साधा होता. नाव विचारायचे नाही, गाव विचारायचे नाही, आणि पन्हळ लावायची नाही.

पन्हळ म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. सांगितलेच पाहिजे. पूर्वी याच फाट्यावर उद्धवराव नावाच्या मोठ्या घरच्या गृहस्थांची पोई होती. वरच्या लोकांना तेथे पेल्याने पाणी मिळे. सुमनबाईंच्या सासू यल्लम्मा आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी भिंतीतून पत्र्याची एक पन्हळ बाहेर काढलेली असे. आतून पाणी ओतायचे, बाहेर वाकून ओंजळीने प्यायचे. पिणाऱ्याला देणाऱ्याचा हात दिसत नसे आणि देणाऱ्याला पिणाऱ्याचे तोंड दिसत नसे. यल्लम्मा म्हणत, "पाणी ग्वाड होतं, पोरी. पन्हळीची चव तेवढी जिभेवरून गेली न्हाई."

आता त्याच जागी त्यांची सून ओगराळ्याने पाणी वाढत होती आणि सगळा मुलूख ते पीत होता. सुमनबाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवीत नसत. लग्नानंतर कित्येक वर्षे त्यांनी खडी फोडली होती. हातोडा बसून उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली होती. ओगराळे धरले की ती एकटी बाहेर उभी राहायची. पोरे हसत. त्या म्हणत, "हसा. पन त्या करंगळीनं एक थेंब सांडला तर सांगा."

बसची वाट पाहणारी माणसे पाहावीत, ती सुमनबाईंनी. पाणी पिताना माणसाला खोटे वागता येत नाही, असे त्यांचे मत होते. कुणी डोळे मिटून पितो, कुणी घोटाघोटाला सडकेकडे पाहतो. कॉलेजातली पोर पेल्याची कड ओढणीने पुसते आणि मग स्वतःच लाजते. धनगरवाड्यावरचा बिराप्पा आधी कुत्र्यासाठी मागतो. एकदा एक म्हातारा म्हणाला, "आधी हिला द्या. हिची तहान लई बोलती." म्हातारी पेल्यासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन म्हणाली, "आन् तुमची? ती घरी गेल्यावर माझ्यावर वराडती!" सगळी शेड हसली. सुमनबाईंनी दोघांना एकदमच पेले दिले.

एकदा एका बाईने पाटी वाचली, सुमनबाईंकडे पाहिले आणि म्हटले, "मला तहान न्हाई." तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. सुमनबाईंनी वाद घातला नाही. पेला भरून बाकावर ठेवला आणि पाठ फिरवून गोणपाट भिजवीत बसल्या. बस आली, गेली. त्यांनी वळून पाहिले तेव्हा पेला रिकामा होता, आणि पालथा घालून नीट ठेवलेला होता. त्या दिवशी घरी जाताना सुमनबाई ताठ चालत होत्या.

तर असे हे ठिकाण. त्या वर्षी चैत्राच्या अखेरीस तेथे काहीतरी बिघडले.

आधी बाकाच्या पलीकडच्या टोकाला कुणी बसेनासे झाले. कारण कुणीच सांगत नव्हते. भर दुपारी जो तेथे बसे, तो थोड्या वेळाने उठून माठाशी येई आणि पेल्यामागून पेला पिई. पोट तट्ट फुगे, पण तहान भागत नसे. एक तान्हे मूल तेथे आईच्या मांडीवर असे रडले, की त्याचा आवाजच गेला. त्या टोकाला एक वासही येऊ लागला. घाण नव्हे. पाणी कधी न लागलेल्या माठाचा वास; भाजलेल्या कोरड्या मातीचा.

मग शरणम्माचा प्रसंग घडला. शरणम्मा पालेभाजी विकणारी, कन्नड बोलणारी. टोपली रिकामी करून ती बाकावर टेकली होती. सूर्य डोक्यावर होता. पाखरू बोलत नव्हते. सुमनबाई ओगराळे विसळीत होत्या. एवढ्यात शरणम्मा मान वर करून म्हणाली, "बंदे, बंदे," म्हणजे आले, आले. आणि टोपली तिथेच सोडून सरळ सडकेवर चालू लागली. उसाचा ट्रक येत होता. तिप्पण्णा हॉटेलातून धावला आणि त्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढले. ट्रकचा वारा दोघांच्या अंगावरून गेला.

"कुनी बलिवलं तुला?" सुमनबाईंनी विचारले.

शरणम्माने बाकाकडे बोट दाखवले. "बा म्हनलं की कुनीतरी... बा, बा..." कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये.

बाकावर बसलेला हुलसूरचा एक शिक्षक पांढरा पडला होता. तो मराठी बोलणारा. "मीही ऐकलं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, कुणाचं तरी पोर बापाला हाक मारतंय."

शब्द एकच होता. ज्याने त्याने तो आपापल्या भाषेत ऐकला होता.

सुमनबाईंनी शरणम्माला पाणी दिले. त्या शब्दाची गोष्ट त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून ऐकत आल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात ही सडक होत होती. यल्लम्मा कामावर होत्या. देखरेखीला उद्धवराव होते, तेच पोईवाले. त्या दिवशी त्यांची पोई कोरडी पडली होती. टँकर आला नव्हता. भर दुपारी उद्धवराव करंजाखाली कोसळले. पाणी होते ते फक्त यल्लम्मांच्या मडक्यात, घरून आणलेले. यल्लम्मा ते घेऊन धावल्या आणि वाडगे त्यांच्या तोंडाशी नेले. उद्धवरावांनी मान फिरवली. यल्लम्मांनी पुन्हा पुढे केले. त्यांनी पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचे डोळे यल्लम्मांवर थांबले, ओठ हलले. "बा..." एवढेच आले. मग काही आले नाही.

कामावरचे कानडी लोक म्हणाले, त्यांनी यल्लम्माला सोबत बोलावले. आता ही काही जगत नाही. मराठी लोक म्हणाले, बापाची आठवण झाली असेल. यल्लम्मा पुढे पुष्कळ जगल्या आणि आपल्या अंथरुणावर शांतपणे गेल्या. पण तो शब्द त्यांना कधी उलगडला नाही. "त्येला मला काहीतरी म्हनायचं होतं," त्या म्हणत. "अर्धंच राहिलं."

संध्याकाळी तिप्पण्णा सुमनबाईंच्या ओट्यावर आला. चहा घेतला नाही.

"अक्का, ड्रायव्हर लोक दुपारची गाडी फाट्यावर उभी करायला न्हाई म्हनायलेत. पंचायतीत बोलनं झालंय. आठवडाभरात हे थांबलं न्हाई तर पोई उचलायची. तुमच्यावर कुनाचा राग न्हाई. पन जीवाचं काम हाय."

"पोई उचलायची म्हनजे पाटी बी उचलायची," सुमनबाई म्हणाल्या.

तिप्पण्णाने खाली पाहिले. "दुसरा एक मार्ग हाय. माझी आई सांगायची. तहानेनं गेलेल्याला पानी पाजलं की तो जातो. पन त्याचा हात आपल्याला लागू द्यायचा न्हाई, त्याच्या हाकेला ओ द्यायची न्हाई. लांबून, पन्हळ लावून..." तो थबकला. आपण काय बोललो हे त्याचे त्यालाच कळले. "म्हनजे... पाइपनं, अक्का. नुसत्या पाइपनं."

दीपमाला दाराशी उभी होती. तिने सासूकडे पाहिले.

"तिप्पण्णा," सुमनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी सासू पन्हळीनं पानी पिली. ज्यानं पाजलं तोच जर तिथं बसला आसंल, तर त्याला बी माझ्या पोईवर पन्हळ लागनार न्हाई. मानसाला न्हाई, आन् जे काय आसंल त्याला बी न्हाई."

"आन् त्यानं तुम्हाला न्येलं तर?"

"आमच्यात भुताला मानत न्हाईत," सुमनबाई म्हणाल्या. "मी भूत मानत न्हाई. तहान मानते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक माठ जास्त भरला. दीपमालेला म्हणाल्या, "तू घरी ऱ्हा." दीपमाला म्हणाली, "आत्या, पाटीवर सर्वांसाठी लिव्हलंय. त्यात मी न्हाई का?" ती गाडा ढकलीत आलीच.

फाट्यावर माणसे जमली होती. बस पकडायला नव्हे, पाहायला. ती शेडमध्ये आली नाहीत. तिप्पण्णाच्या हॉटेलाच्या सावलीत उभी राहिली. सूर्य चढत गेला. करंजाची सावली आक्रसून बुंध्याशी आली. कावळ्याने चोच वासली होती, पण आवाज नव्हता. सडकेचे डांबर मऊ होऊन चकाकत होते.

आणि मग सुमनबाईंना ती दिसली. बाकाच्या टोकापासून शेडबाहेरच्या उन्हात एक सावली पडली होती. माणूस नव्हता, सावली होती. त्या वेळी प्रत्येकाची सावली त्याच्या पायाखाली गोळा झालेली होती. ही मात्र संध्याकाळची असावी तशी लांब होती. खांदे उतरलेले, मान एका बाजूला वळवलेली. पाणी नको म्हणून वळवावी, तशी.

कोरड्या मातीचा वास आला. टाळूला चिकटलेली जीभ सुटताना होतो तसा एक बारीक आवाज आला. मग,

"बा..."

दीपमालेने सासूचा पदर घट्ट धरला. सुमनबाईंनी तो हळूच सोडवला. ओगराळे माठात बुडवले, भरून काढले, आणि बाकाच्या त्या टोकाकडे चालत गेल्या. सडकेपलीकडून तिप्पण्णा ओरडला, "अक्का, ओ देऊ नका!"

त्या सावलीसमोर उभ्या राहिल्या. हात पुढे केला.

"घ्या," त्या म्हणाल्या.

सावली हलली नाही. वळलेली मान वळलेलीच राहिली.

"बा..."

सुमनबाईंचा हात अवघडू लागला. पण ओगराळ्यातले पाणी हलत नव्हते. ते काचेसारखे स्थिर होते, आणि त्यात आकाशाऐवजी काहीतरी काळे दिसत होते. त्यांनी त्यात पाहिले नाही. समोर पाहिले.

"माझ्या सासूला म्हनायचं राहिलेलं हाय तुमचं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मास्तरीण मुलाला पाढा पुरा करायला सांगते तसा तो आवाज होता. "ते म्हना. न्हाई म्हनलात तरी पानी मिळंल. ही पोई मागितल्याबिगर बी देती. पन तेवढं म्हनल्याबिगर तुमच्याच गळ्याखाली उतरत न्हाई. इतकी वर्षं उतरलं न्हाई. व्हय का न्हाई?"

काहीच झाले नाही. दूर कुठेतरी बसचा हॉर्न वाजला आणि विरला.

मग ती मान वळली. सावलीचीच मान, पण ती सावकाश, जड दार उघडावे तशी वळली, आणि सुमनबाईंना जाणवले की आता आपल्याकडे कुणी पाहत आहे.

"बा..." आवाज घशात अडकला. खरडला. आणि मग, मोठे ओझे उतरवून ठेवावे तसा, उरलेला अर्धा शब्द बाहेर आला.

"...ई."

बाई.

यल्लम्माला त्या गावाने अनेक हाका मारल्या होत्या. त्यांत 'बाई' ही हाक कधीच नव्हती.

सुमनबाईंनी डोळे मिटले नाहीत. ओगराळे तिरपे केले. पाणी पडले, आणि जमिनीला लागले नाही. कमरेच्या उंचीवर, जेथे वाकलेल्या माणसाची ओंजळ असते, तेथे ते नाहीसे होत होते. घोटाचा आवाज येत होता. त्यांनी दुसरे ओगराळे आणले, तिसरे आणले. मग दीपमालाच माठ उचलून घेऊन आली. माठ सरला, पण खालची धूळ कोरडीच होती. शेवटच्या धारेला सुमनबाईंच्या बोटांवर काहीतरी टेकले. थंड नव्हते, गरम नव्हते. ओले होते. त्यांनी हात मागे घेतला नाही.

सावली हातभर, मग वीतभर झाली, आणि बाकाखाली गेली.

तिप्पण्णा एकटाच सडक ओलांडून आला. त्याने दुसऱ्या माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेतले, सुमनबाईंपुढे धरले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही प्या आता."

इतकी वर्षे तो त्यांना अक्का म्हणत आला होता. पाणी पिताना सुमनबाईंचे डोळे भरले. त्या दिवशी सगळ्यांनी ते पाहिले, आणि त्यांनी ते लपवले नाही.

पोई उचलली गेली नाही. ड्रायव्हर दुपारची गाडी पुन्हा फाट्यावर थांबवू लागले. बाकाच्या त्या टोकाला माणसे बसू लागली आणि एका पेल्यात तृप्त होऊन उठू लागली. शरणम्मा तेथेच बसून मेथीच्या जुड्या बांधू लागली. पंचायतीने पाटीला नवा रंग देतो म्हटले, सुमनबाई म्हणाल्या, "रंग द्या. अक्षरं बदलू नका." संघपाल, त्यांचा मुलगा, चिटगुप्प्याला शिक्षक आहे. तो सुट्टीला आला तेव्हा त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आई, उन्हानं माणसाला भास होतात." सुमनबाई म्हणाल्या, "व्हय. म्हनून तर पोई हाय."

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर बरे झाले असते.

बाकाच्या त्या टोकाला सिमेंटवर दोन तळहातांचे ओले ठसे उमटले होते. पाणी पिऊन झाल्यावर माणूस हात टेकून उठतो, तसे. वैशाखाच्या उन्हात त्या सिमेंटवर हात ठेववत नसे. पण ते ठसे वाळले नाहीत. लोक त्यांच्यावर बसत, उठत; कपडे कोरडे राहत. ठसेही राहत. हळूहळू सगळ्यांना त्यांची सवय झाली.

वैशाखातल्या एका भर दुपारी शेड गच्च भरली होती. लग्नाचे वऱ्हाड होते. पोरे पेल्यांसाठी भांडत होती, नवरदेवाचा मामा सगळ्यांना ओळीत उभे करीत होता आणि स्वतःच ओळ मोडीत होता. सुमनबाई वाढत होत्या. एवढ्यात त्यांच्या कानाशी, अगदी जवळ, आवाज आला. आता तो कोरडा नव्हता. तृप्त होता, आदराचा होता, आणि या वेळी त्याने दोन्ही भाषा वापरल्या.

"बाई... बा."

बाई, ये.

सुमनबाईंचे ओगराळे क्षणभर माठातच राहिले. समोर एक पोर रिकामा पेला धरून उभे होते.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. मान वळवली नाही. "लोकं पानी प्यायलेत अजून."

"कुनाशी बोलायलाव, आत्या?" दीपमालेने विचारले.

"रांगेत हाय एक जन," सुमनबाई म्हणाल्या. "त्याला घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गाडा घेऊन फाट्यावर आल्या. सडक मोकळी होती. बाकावर ते दोन ओले ठसे होतेच. त्यांच्या शेजारी, एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, आणखी दोन उमटले होते. लहान, बाईमाणसाचे. उजव्या ठशाची करंगळी वाकडी होती आणि एकटीच बाहेर उभी होती.

दीपमालेने ते पाहिले. मग तिने सासूच्या हाताकडे पाहिले.

सुमनबाईंनी त्या ठशांवर हात ठेवून पाहिला नाही. घागर उचलली, माठ काठोकाठ भरला, गोणपाट भिजवले. पदर खोचला. हुलसूरकडून पहिली बस येत होती. त्यांनी ओगराळे हातात घेतले आणि सगळ्यांत आधी कोण उतरतो आहे, ते पाहू लागल्या.